माळरान ओसाड नसतं

पहिला पाऊस पडला की वृक्षारोपणाचे बेत सुरू होतात. सोसायट्या, शाळा, कंपन्या, गणेश मंडळं, सगळ्यांना एखादी ‘बोडकी’ टेकडी हवी असते. राज्य सरकारने 2016 ते 2019 या काळात पन्नास कोटी झाडांचा संकल्प केला, तेव्हापासून तर निसर्गासाठी सामान्य माणसाने काय करावं याचं एकच उत्तर ठरून गेलं आहे : मोकळी जागा दिसली की झाड लावा. हेतू निर्मळ आहे. त्यामागची समजूत मात्र साफ चुकीची आहे, आणि ती दर पावसाळ्यात नुकसान करते.

समजूत अशी की, जिथे झाडं नाहीत ती जमीन उजाड. तिथे कधीकाळी घनदाट अरण्य होतं आणि माणसाने ते तोडलं.

सह्याद्रीच्या पूर्वेला, माण-खटावपासून बारामती-इंदापूरपर्यंत, पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. जमीन उथळ आणि मुरमाड. अशा जागी पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं आणि मधूनच एखादी बोर, बाभूळ किंवा हिवर हेच निसर्गाचं मूळ रूप आहे. शंका असेल त्यांनी आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा 2025 साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात आलेला अभ्यास पाहावा. त्यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा, ओव्या आणि गाण्यांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांतले बहुतेक उल्लेख गवताळ, काटेरी माळाचे निघाले. म्हणजे हा माळ निदान साडेसातशे वर्षं माळच आहे.

आणि तो रिकामा नाही. लांडगा, खोकड, तरस, चिंकारा, काळवीट, धाविक, चंडोल यांचं हे घर आहे. माळढोक तर उघड्या जमिनीवरच अंडं घालतो. चहूकडे नजर पोहोचली तरच त्याला सुरक्षित वाटतं. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आज तिथे त्याचं दर्शन दुर्मीळ आहे. शिकार, शेतीचा विस्तार, विजेच्या तारा अशी त्याची कारणं अनेक आहेत. माळावर दाट झाडी उभी करणं हे त्यांतलंच एक.

‘पण झाडांनी पाणी तर वाढतं ना?’ हा पुढचा ठरलेला प्रश्न. 2005 साली ‘ग्लोबल चेंज बायॉलॉजी’त जगभरातल्या 26 पाणलोटांच्या नोंदींचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. गवताळ प्रदेशावर झाडांची लागवड केल्यावर तिथून वाहून येणारं वार्षिक पाणी सरासरी 44 टक्क्यांनी घटलं होतं. कार्बनचं म्हणाल, तर गवत तो मुख्यतः मुळांत आणि मातीत साठवतं.

शिवाय लावतात काय? अनेक टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. झपाट्याने हिरवी दिसते, पण तिच्या दाट सावलीत गवत टिकत नाही. आणि हे फक्त मातीच्या माळाचंच नाही. कासच्या कातळी पठाराचा 2012 साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिथे खड्डे खणा असं कोणी म्हणत नाही. तसाच कातळाचा सडा गावामागे असला, की मात्र तो पडीक ठरतो!

मग झाडं लावूच नयेत? जरूर लावावीत. रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, बांधावर, तुटलेल्या जंगलात. वड, उंबर, करंज, कडुनिंब लावावेत आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणीही घालावं. जुनं झाड तोडलं जात असेल तर हरकत नोंदवावी. माळाला हवं आहे ते वेगळंच : वणवा लागू न देणं, राडारोडा न टाकणं, गवतातून गाड्या न घालणं, पक्षी आणि गवतांच्या नोंदी ठेवणं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

वणव्याने गवत जोमाने येतं : दरवर्षी पेटवलेल्या डोंगरावर पिल्लं आणि घरटी जळतात, मातीही उघडी पडते.

बिबट्या पकडून लांब सोडला की प्रश्न सुटतो : विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या जुन्नरमधील अभ्यासात असं स्थलांतर सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले वाढल्याचं दिसलं. उघडा कचरा आणि त्यावर पोसली जाणारी, बिबट्याला वस्तीकडे ओढणारी भटकी कुत्री कमी करणं नागरिकांच्या हातात आहे.

नाग दूध पितो : पीत नाही. साप दिसल्यास वनविभागाला किंवा जाणकार सर्पमित्राला कळवावं.

घाटातल्या माकडांना खाऊ घालणं हे पुण्य : त्याने ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली मरतात.

गिधाडं वाचवणं फक्त सरकारचं काम : जनावरांना दिलेली काही वेदनाशामकं त्यांचं मांस खाणाऱ्या गिधाडांना मारतात, म्हणून जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 पासून, तर किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर 2023 पासून बंदी आहे. गोठा असलेल्या प्रत्येकाने डॉक्टरांकडे त्यांऐवजी मेलॉक्सिकॅमचा आग्रह धरावा.

यंदा कुदळ उचलण्यापूर्वी गावातल्या जुन्या मेंढपाळाला आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना एवढंच विचारा : इथे पूर्वी जंगल होतं का? उत्तर ‘नाही’ आलं, तर रोपं दुसरीकडे न्या आणि तो माळ तसाच राहू द्या.