परदेशात इंग्रजी शिकवायचंय? आधी व्हिसावर काय लिहिलंय ते वाचा

जळगाव जामोद : डी.एड., बी.एड. करून शिक्षक भरतीची वाट पाहणारी पोरं तालुक्यात गावोगाव आहेत. टीईटी झाली, पवित्र पोर्टलवर नाव नोंदवलं, तरी नंबर काही लागत नाही. अशात मोबाईलवर जाहिरात येते : ‘परदेशात इंग्रजी शिक्षक पाहिजेत, अनुभवाची गरज नाही, राहणं-खाणं फुकट.’ दुसरीकडे लग्न होऊन दुबई, लंडन, अमेरिकेत गेलेल्या लेकी-सुना आहेत. शिकलेल्या असतात, नवरा कामावर गेला की दिवसभर घरी. चार पोरांची ट्यूशन घ्यावी असं त्यांच्याही मनात येतं.

दोघांचा प्रश्न एकच. तिकडं इंग्रजी शिकवून पैसे कमावता येतात का? येतात. पण इंग्रजी किती चांगली येते हे नंतर विचारलं जातं. आधी पाहतात पासपोर्ट कोणत्या देशाचा, व्हिसा कोणत्या प्रकारचा आणि पदवी कशाची.

घरच्या ट्यूशनपासून सुरुवात करू, कारण आपल्या लोकांना तीच सोपी वाटते आणि चूकही तिथंच होते. गावात ओसरीवर सतरंजी टाकून क्लास सुरू करायला कोणाला विचारावं लागत नाही. बाहेर तसं नाही. एका पोराला आठवड्यातून दोन तास शिकवून पैसे घेतले तरी ते ‘काम’ धरलं जातं.

दुबई, अबूधाबी, शारजा ज्या देशात आहेत त्या संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी खासगी शिकवणी चोरून चालायची. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयानं आणि शिक्षण मंत्रालयानं मिळून खासगी शिक्षकासाठी वेगळा परवाना सुरू केला. त्याला फी नाही, मुदत २ वर्षांची, आणि अर्ज ऑनलाईन करायचा. शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकालाच तो मिळतो असं नाही. दुसरी नोकरी करणारे, नोकरी नसलेले, कॉलेजचे विद्यार्थी, एवढंच काय १५ ते १८ वयाची शाळकरी मुलंही अर्ज करू शकतात. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली घरची सूनसुद्धा त्यात बसते. शिकवणाऱ्यानं कसं वागायचं याच्या नियमपत्रावर सही करावी लागते. परवान्याशिवाय शिकवलं तर दंड आहे. फुकट मिळणारा कागद असताना चोरून शिकवण्यात काय शहाणपण?

तिथं आपल्या माणसाची एक बाजू भक्कम आहे. अमिरातीत सीबीएसईच्या भारतीय शाळा भरपूर आहेत. एनसीईआरटीचं पुस्तक कसं शिकवायचं आणि पेपरात उत्तर कसं लिहायचं, हे भारतात शिकलेल्या बी.एड.वाल्याला नव्यानं शिकावं लागत नाही.

इंग्लंडचा कायदा याच्या उलटा आहे. शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण स्वतःचा धंदा करता येत नाही. खासगी ट्यूशन हा स्वतःचा धंदा धरला जातो. म्हणजे तोच पोरगा हॉटेलात भांडी घासू शकतो, पण शेजारच्या पोराला पैसे घेऊन इंग्रजी शिकवू शकत नाही. विचित्र वाटतं, पण नियम नियम आहे. त्याच देशात नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या माणसाच्या पत्नीला मात्र काम करायची मोकळीक असते.

अमेरिकेत नवऱ्याच्या एच-१बी व्हिसामुळे बायकोला एच-४ मिळतो. नुसत्या एच-४ वर एक डॉलरही कमावता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल, तर तिला कामाचा परवाना मागता येतो. ही सोय २०१५ पासून आहे. शिकायला गेलेल्या पोरांना विद्यापीठाच्या आवारातच काम करता येतं, सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंत. बऱ्याच विद्यापीठांत कच्च्या विद्यार्थ्यांना शिकवायचं कामही त्यात असतं. शिकवायचंच असेल तर ते शोधावं. ‘रोख घेतले तर कोणाला कळतंय’ असं सांगणारे तिकडंही भेटतात. कळलं तर मात्र नुसती ट्यूशन जात नाही, व्हिसा जातो.

आता शाळेतल्या नोकरीचं. इथं आपल्या पोरांना पहिला धक्का बसतो तो डी.एड.चा. डी.एड. ही पदविका आहे, पदवी नाही. बारावी आणि डी.एड. एवढ्यावर परदेशातल्या शाळेचं दार सहसा उघडत नाही. बी.ए., बी.एस्सी. काहीतरी लागतंच, आणि वर बी.एड. असेल तर किंमत वाढते.

दुसरा धक्का पासपोर्टचा. दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा प्रामुख्यानं ७ देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. त्यात भारत नाही. भारत-कोरिया व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यात भारतीय इंग्रजी शिक्षकांसाठी वेगळी खिडकी आहे. पण तिथं पदवीसोबत शिक्षक असल्याचं प्रमाणपत्रही दाखवावं लागतं. जपानच्या सरकारी शाळांत शिकवायचा जो व्हिसा आहे, त्यासाठी किमान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं हवं. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकून पुढं इंग्रजीत एम.ए. केलेला हुशार पोरगाही तिथं अडतो. खासगी क्लासचा व्हिसा वेगळा असतो, त्यात पदवी पाहतात.

थायलंडमध्ये त्या मानानं संधी आहे. पदवी लागते, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून टोईक किंवा आयईएल्टीएससारख्या परीक्षेचे गुण मागतात. शिवाय कामाचा व्हिसा आणि वर्क परमिट, दोन्ही पाहिजेत. ‘आता फिरायच्या नावानं या, कागद इथं करून देऊ’ असं कोणी म्हणालं की तिथंच थांबावं. फिरायला जायची मुभा म्हणजे शिकवायची परवानगी नव्हे. १२० तासांचा टेफल नावाचा ऑनलाईन कोर्स करा म्हणून बरेच जण मागं लागतात. उपयोग होतो, पण तो पदवीच्या जागी चालत नाही, आणि त्याच्या जोरावर व्हिसा मिळत नाही.

थायलंडचं नाव निघालं म्हणून सांगणं भाग आहे. चांगल्या नोकरीच्या आमिषानं थायलंडला बोलवायचं आणि तिथून सीमेपलीकडं म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाईन फसवणुकीच्या अड्ड्यावर कोंडायचं, असे प्रकार झाले. परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्येच इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून ५४९ भारतीयांना परत आणलं. त्या जाहिराती जास्त करून कॉम्प्युटरच्या कामाच्या होत्या, शिक्षकाच्या नव्हत्या. पण बोलवायची वाट हीच : इंटरव्ह्यू मोबाईलवर, तिकीट फुकट, व्हिसा फिरायचा.

यात एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. दहावी पास माणसाच्या पासपोर्टला परदेशी नोकरीसाठी सरकारी तपासणी लागत नाही. मजुराचा करार काही देशांसाठी सरकार तपासतं. शिकलेल्याचा करार त्याचा त्यानंच तपासायचा असतो. म्हणून एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहावं. अशा एजंटाला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. दोन-चार लाख मागणाऱ्यासाठी वावर गहाण ठेवू नये. भेंडवळच्या घटमांडणीवर विश्वास ठेवणारा शेतकरीसुद्धा पेरणीआधी आभाळाकडं पाहतो, इथं तर सगळं मोबाईलवर पाहता येतं. शंका आली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा फुकटचा नंबर आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवावं.

परवाना हातात आला की विद्यार्थी मिळवायचं काम तसं आपल्या गावासारखंच आहे. पहिलं पोरगं आपल्याच बिल्डिंगमधलं असतं. त्याचे मार्क वाढले की त्याची आई बाकीचं करते. महाराष्ट्र मंडळाचा गणपती, संक्रांतीचं हळदी-कुंकू, शाळेच्या गेटवर उभ्या आया, इथून नावं येतात. पहिला तास बिनापैशाचा घ्यावा, पुढचे महिन्याचे आगाऊ घ्यावेत. दुसऱ्याच्या घरी शिकवताना पालक घरात असावेत, दार उघडं असावं.

आणि इंग्रजीच शिकवली पाहिजे असंही नाही. लंडनमध्ये इंग्रजीला तोटा नाही, मराठीला आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा वाँटेजच्या मठात स्वतः इंग्रजी शिकताना त्यांनी तिथल्या भगिनींना मराठी शिकवली. पुढं चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. आज तिकडचा नातू व्हिडिओ कॉलवर आजोबांशी इंग्रजीत बोलतो आणि आजोबा नुसते हसतात. अशा घरांना मराठी शिकवणारं माणूस हवंच असतं. परवान्याचा नियम मात्र त्यालाही लागू.

शेवटी कागदांचं, कारण गाडी बहुतेक तिथंच फसते. अमरावती विद्यापीठाची पदवी अमिरातीत दाखवायची तर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो. कोरिया, जपानसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का चालतो. पण सगळ्या कागदांवर नाव एकच पाहिजे. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. कुठं वडिलांचं नाव पूर्ण, कुठं नुसतं अक्षर. लग्न झालेल्या मुलीची पदवी माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या. गावात हे कोणी विचारत नाही, तिकडचा कारकून मात्र दोन वेगळ्या बाया समजतो. मुलीचा पासपोर्ट काढताना नाव पदवीवर आहे तसंच ठेवता येतं, लग्नानंतर बदलायची सक्ती नाही. आधीच बदललं असेल तर लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, आणि लागलं तर राजपत्रातली नाव बदलाची नोंद, तिकिटाच्या आधी काढून घ्यावी. परदेशात गेल्यावर त्यासाठी इकडं माणूस पळवावा लागतो.