'रिअल' म्हणजे नेमके काय?

इंग्रजी 'रिअल' हा शब्द अवघड आहे असे कोणी म्हणणार नाही. मराठी शाळेत आपण त्याचा अर्थ 'खरा' असा पाठ केलेला असतो. परंतु वाणिज्य शाखेत आल्यावर हा अर्थ पुरत नाही. हिशेबात 'रिअल अकाउंट' येते. त्याला खरे खाते म्हणावे, तर शेजारचे 'नॉमिनल' खाते खोटे ठरेल! भाडे, पगार, व्याज यांची खाती खोटी धरून कोणता व्यापारी धंदा करील?

उलगडा शब्दाच्या मुळाशी आहे. लॅटिनमध्ये 'रेस' म्हणजे वस्तू. त्यावरून 'रेआलिस', म्हणजे वस्तूसंबंधीचा. रोकड, यंत्रे, इमारत ही वस्तूंचीच खाती. म्हणून 'जे येते ते नावे, जे जाते ते जमा' हा नियम तेथे चपखल बसतो. 'रिअल इस्टेट'मधला रिअलही त्याच कुळातला. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात जमिनीचा दावा जिंकणाऱ्यास नुकसानभरपाईऐवजी ती जमीनच परत मिळे. आपला 'स्थावर' हा शब्द मात्र मला अधिक बोलका वाटतो.

अर्थशास्त्रातील 'रिअल वेज' तर प्रत्येकाच्या घरापर्यंत येते. समजा, जांबोटीच्या एखाद्या मजुराला गेल्या वर्षी दिवसाला ४०० रुपये मिळत आणि तांदूळ ४० रुपये किलो होता. म्हणजे मजुरी १० किलो तांदूळ. यंदा मजुरी ४४० झाली, तांदूळ ५० वर गेला. आता हाती ८.८ किलोच येतो. मालक म्हणेल वाढ दिली, आणि तेही खोटे नाही. येथेच 'अ‍ॅक्चुअल' आणि 'रिअल' वेगळे होतात. प्रत्यक्ष दिलेले ४४० रुपये हे अ‍ॅक्चुअल. त्यांत जेवढा जिन्नस येतो ते रिअल. उत्तरपत्रिकेत दोन्हींना 'खरे वेतन' लिहिले, तर प्रश्नातला मुद्दाच हरवतो. 'प्रत्यक्ष' आणि 'वास्तविक' हे दोन शब्द आपल्याकडे आहेत, ते वापरावेत.

आमच्या कन्नड विभागातील मित्रांची सोय निराळी. पुस्तकी कन्नडमध्ये खरे म्हणजे 'निज'. मराठी माणसाला त्यावरून झोपच आठवायची! पण या भागातील बोली कन्नडमध्ये 'खरे' हाही शब्द सर्रास चालतो. आणि आपली बेळगावी मराठी तर आणखी पुढे गेली आहे. "येतो म्हणालता, खरं आला नाही." येथे 'खरं' म्हणजे चक्क 'पण'. याचे इंग्रजी करताना 'रिअल' लिहून चालायचे नाही.