मानाचे मानकरी कोण?

मीरा-भाईंदरच्या नाट्यगृहाला लता मंगेशकर यांचे नाव आहे. २०२५ मध्ये ज्या शहरात भाषेवरून मोर्चे निघाले, तेथे या नावाविषयी मात्र दुमत नाही. दिवंगतांबाबत काळच निवाडा करतो. प्रश्न उद्भवतो तो हयात व्यक्तींचा. त्यांना संस्कृतीचे मानदंड ठरविताना आपण त्यांच्या कर्तृत्वाचा गौरव करतो, की त्यांच्या नावावर मालकी सांगू पाहतो?

१९९६ चा पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार पु. ल. देशपांडे यांना मिळाला. तो स्वीकारताना त्यांनी ठोकशाहीच्या भाषेबद्दलची व्यथा बोलून दाखविली आणि शिवसेनाप्रमुखांचा रोष ओढवून घेतला. पुलंचे स्थान मात्र तसूभरही ढळले नाही. २०१५ मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांच्या निवडीवरून महाराष्ट्रात तीव्र मतभेद झाले. सोहळा राजभवनात पार पडला.

तात्पर्य, शासन पुरस्कार देऊ शकते, लोकमान्यता नव्हे. ज्याचे न रुचणारे बोलही समाज ऐकून घेतो आणि ज्याचे कार्य भाषेची वेस ओलांडते, तोच या मानाचा खरा अधिकारी. मराठी, गुजराती, मारवाडी एकत्र नांदणाऱ्या मीरा-भाईंदरने हीच कसोटी लावावी.