वाइनमधली काळी मिरी कुठून येते?

सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीला फ्रातेली वाइनरीच्या द्राक्षबागा आहेत. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीतले सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी ती उभी केली. तिथे काबर्ने सोविन्यो, सांजोवेझे, शिराझ पिकतं. या वाइनच्या वर्णनात काळी मिरी, ढोबळी मिरची, व्हॅनिला असे शब्द आले की दोन शंका हमखास निघतात. एक, हा इसेन्स वरून घातला असणार. दुसरी, आपल्या नाकाला हे जमणार नाही.

इसेन्सची शंका रसायनशास्त्रानेच सोडवली आहे. शिराझमधल्या मिरीच्या वासामागे रोटंडोन हा घटक आहे, हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. हाच रेणू मिऱ्याच्या दाण्यातही असतो. काबर्नेचा हिरवट वास ज्या पायराझिनमुळे येतो, तेच ढोबळी मिरचीत असतं. मस्कत द्राक्षातलं लिनालूल धण्यात भरपूर सापडतं. व्हॅनिलाचा वास मात्र द्राक्षाचा नसतो. तो ओकच्या भाजलेल्या पिंपातून उतरतो. म्हणजे ‘मिरीचा वास येतो’ असं म्हणणारा माणूस कवितेत बोलत नसतो.

नाक जन्मजात लागतं, हेही अर्धंच खरं. 2008 च्या त्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला रोटंडोनचा वासच येत नव्हता, इतकी नाकं वेगवेगळी असतात. पण बाकीच्यांची अडचण बहुतेकदा नाकाची नसून नावाची असते. वास ओळखीचा वाटतो, कशाचा ते आठवत नाही. हे सरावाने सुधारतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी 1984 मध्ये वाइनच्या वासांचं चक्र मांडलं. त्यांची पद्धत साधी: साध्या वाइनमध्ये खरा पदार्थ थोडा भिजवायचा, तो हुंगायचा आणि मग तोच वास दुसऱ्या पेल्यात शोधायचा.

जाणकार एका घोटात दहा-बारा वास वेगळे काढतात, असाही समज आहे. 1996 मधल्या प्रयोगांत तर सुगंधव्यवसायातल्या तज्ज्ञांनाही मिश्रणातले तीन-चारच्या वर घटक नीट ओळखता आले नाहीत. शिवाय डोळे फसवतात. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना बिनवासाचा लाल रंग घातलेली व्हाइट वाइन दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. म्हणून सराव डोळे मिटून करावा. मध्ये कॉफीचे दाणे हुंगले की नाक ताजं होतं, हीही केवळ प्रथा. साध्या हवेपेक्षा त्याचा फायदा जास्त दिसलेला नाही.

सोलापूरकरांनी एक सल्ला तर मुळीच पाळू नये: ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी.’ ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. तेवढ्या गरम पेल्यातून आधी अल्कोहोलचा भपकाच नाकात जातो आणि बारीक वास दबून जातात. बाटली थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवावी.

सुरुवातीला तर वाइनचीही गरज नाही. ताजी कुटलेली मिरी, चिरलेली ढोबळी मिरची, भाजलेले धणे, पिकलेलं केळं वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. घरातल्या कुणाला तरी वाट्यांची अदलाबदल करायला सांगा आणि डोळे मिटून नावं सांगून पाहा.