रासायनिक बंध आणि ऊर्जेचा हिशेब

सोडियम हा चाकूने कापता येईल इतका मऊ आणि पाण्याशी स्फोटक क्रिया करणारा धातू आहे. क्लोरीन हा हिरवट पिवळा, विषारी वायू आहे. या दोहोंच्या संयोगातून रोजच्या जेवणातले मीठ तयार होते. मूलद्रव्यांचे मूळ गुणधर्म संयुगात असे समूळ पालटतात, याचे कारण अणूंना जोडणाऱ्या रासायनिक बंधात आहे.

हे बंध अणूच्या बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनांमुळे घडतात, हा विचार १९१६ साली सुस्पष्ट झाला. वाल्टर कॉसेल यांनी इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीवर आधारित आयनी बंधाची उपपत्ती मांडली, तर गिल्बर्ट ल्यूइस यांनी इलेक्ट्रॉनांच्या सामायिक जोडीची. या दुसऱ्या प्रकारास सहसंयुजी बंध म्हणतात. धातूंतील बंध तिसऱ्या प्रकारचा असून त्यात इलेक्ट्रॉन साऱ्या अणूंमध्ये मुक्तपणे संचार करतात.

सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो आणि क्लोरीनला तो हवा असतो, असे सोपे स्पष्टीकरण शाळेत दिले जाते. ते अपुरे आहे. वायुरूप सोडियमच्या एक मोल अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ४९६ किलोजूल ऊर्जा लागते. ते इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी स्वीकारले की सुमारे ३४९ किलोजूलच परत मिळतात. ही तूट स्फटिकात भरून निघते. विरुद्ध भारांचे आयन एकत्र येऊन जालक रचतात, तेव्हा मोलामागे सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जा मुक्त होते. म्हणूनच मीठ वितळण्यास ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते.

या जालकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडियम आयन असतात, हे विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने सिद्ध केले. मिठाच्या स्फटिकात सोडियम क्लोराइडचा सुटा रेणू नसतोच, ही गोष्ट त्या काळी पचण्यास कठीण होती. हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञांनी १९२७ सालीही तिला जाहीर विरोध केला.

त्याच वर्षी वाल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी हायड्रोजन रेणूतील सहसंयुजी बंधाचा उलगडा पुंजयामिकीच्या आधारे केला. या रेणूतील दोन अणुकेंद्रांमधले अंतर ७४ पिकोमीटर असते आणि हा बंध तोडण्यास मोलामागे ४३६ किलोजूल ऊर्जा लागते. आयनी आणि सहसंयुजी या दोन्ही प्रकारांच्या मध्ये काटेकोर सीमारेषा मात्र नाही. अणूंच्या विद्युतऋणतेतील, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेतील, फरक जसजसा वाढतो, तसतसा बंध आयनी स्वरूपाकडे झुकतो, हे लायनस पॉलिंग यांनी दाखवले.

बाह्य कवच पूर्ण असलेले अक्रिय वायू बंध करत नाहीत, ही समजूत १९६२ पर्यंत टिकली. व्हँकुव्हर येथे संशोधन करणाऱ्या नील बार्टलेट यांना प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड हे संयुग ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन हिरावून घेते, असे आढळले. त्यासाठी १२.०७ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, आणि झेनॉन या अक्रिय वायूसाठी लागते १२.१३. हे साम्य हेरण्यातच त्यांच्या प्रतिभेची खरी ओळख पटते. झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड वायुरूपात एकत्र येताच झेनॉनचे पहिले संयुग घनरूपात मिळाले. त्याच वर्षी झेनॉनची फ्लोरीनशी साधी संयुगेही तयार झाली. त्यांतले झेनॉन डायफ्लुओराइड आज सूक्ष्मयंत्रांच्या निर्मितीत सिलिकॉन कोरण्यासाठी वापरले जाते.