अफवेचा प्रवास

अफवा ही काही नवी गोष्ट नव्हे. बाजारातून, चावडीवरून ती पूर्वीही गावोगाव जात असे. परंतु तिला पायी जावे लागे, आणि सांगणाराचे तोंड ऐकणाराला दिसे. व्हॉट्सॲपने ही दोन्ही बंधने नाहीशी केली. प्रत्येकाने पाच नव्या माणसांना संदेश धाडला, तर सहाव्या टप्प्यावर तो १५,६२५ जणांच्या हाती पडतो.

२०१८ साली मुले पळविण्याची एक चित्रफीत भारतात अशीच फिरत होती. वस्तुतः ती कराचीतील बालसुरक्षाविषयक चित्रफितीतून कापलेली होती. मुलाला परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग तेवढा गाळलेला होता. त्या वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेने भडकलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे. अनोळखी असणे एवढाच त्यांचा अपराध.

त्याच महिन्यात पुढे धाडलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ ही खूण येऊ लागली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश धाडण्याची मर्यादा घालण्यात आली. पुढे २०२० साली, अनेक हातांतून आलेला दोन बाणांच्या खुणेचा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, असे ठरले. ही खूण मजकुराच्या खरेखोटेपणाविषयी काहीच सांगत नाही. (संदेश सांकेतिक रूपात जात असल्यामुळे कंपनीलाही तो वाचता येत नाही.) चुलत्यांकडून आलेला मजकूर चुलत्यांनी लिहिलेला नाही, इतकेच तिच्यावरून कळते. अशा वेळी ‘हे आपणांस कोठून मिळाले?’ असे त्यांना विचारून पाहावे. बहुधा उत्तर येते: दुसऱ्या एका गटातून.