जड पाणी आणि मूतखडा

"डॉक्टर, बोअरच्या पाण्याने मूतखडा होतो का हो?" सातारा-देवळाईकडचे रुग्ण मला हमखास विचारतात.

आपल्या बेसॉल्ट खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उतरते. म्हणून साबणाला फेस येत नाही, तूरडाळ लवकर शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. भारतीय मानकानुसार जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

मात्र केवळ अशा पाण्याने खडा होतो, हे सिद्ध झालेले नाही. उलट पाणी जड म्हणून कमी पिणाऱ्यांनाच मी कळांनी तळमळताना पाहतो. लघवी दाट झाली की क्षार साचतात.

तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा नाही. पाणी उकळल्यास काही क्षार तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी गाळून प्यावे, डाळीलाही तेच घालावे.